घोड्याच्या घरातलं प्यादं

संपादकांनी पत्रात मला 'निवृत्त पंच' म्हटलं आहे. शाळेतून मी निवृत्त झाले हे खरं. गणित शिकवणं संपलं, निरोपाचा नारळ मिळाला, शालही मिळाली. ती शाल सध्या आमच्या मिक्सरवर असते. पण बुद्धिबळाच्या पंचगिरीतून मी निवृत्त झाले की नाही, ते हा लेख वाचून झाल्यावर तुम्हीच ठरवा.

आधी पंच करतो काय ते सांगते, कारण आमच्या शेजारच्या काकूंना इतक्या वर्षांत ते उमगलेलं नाही. एकदा स्पर्धा बघायला आल्या आणि घरी जाताना म्हणाल्या, "तुम्ही तर नुसत्याच फिरत होता की हो." त्यांचं चुकलं नाही. क्रिकेटच्या पंचाला निदान बोट तरी वर करायला मिळतं, कबड्डीच्या पंचाला शिट्टी मिळते. आम्ही दोन हात पाठीमागे बांधून टेबलांमधून फिरतो. चपलेचा आवाज होऊ नये म्हणून रबरी तळव्याच्या सपाता घालतो. कोण कोणाशी खेळणार ते लावायचं, घड्याळं लावायची, भांडणं सोडवायची. भांडणं बहुतेक एकाच जातीची असतात. एक म्हणतो, यानं सोंगटीला हात लावला, आता तीच हलवली पाहिजे. दुसरा म्हणतो, मी हात लावलाच नाही, माझी बाही लागली.

आणि या कामात सगळ्यात अवघड काय, तर गप्प बसणं. डोळ्यांदेखत माणूस विहिरीकडे चालला असला तरी "अहो, पुढे विहीर आहे" असं म्हणायचं नाही. त्यानं थांबून विचारलं की नियम काय, तर नियम सांगायचा. विचारलं नाही तर तोंडाला कुलूप. मी मुळात फटकळ बाई. वर्गात, घरात, भाजीवाल्याशी, कुठंही माझं तोंड बंद नसतं. त्यामुळं रविवारभर गप्प राहून घरी आले की सोमवारी वर्गातल्या मुलांची काही खैर नसायची.

आता मल्हारीमामांची गोष्ट सांगते. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे, बाकीचं आपलं ताकाला जाऊन भांडं लपवणं.

वीसेक वर्षं झाली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि गुलमंडीवर गाडी लावायला जागा मिळायची. सिडकोतल्या एका मंगल कार्यालयात जिल्हा निवड स्पर्धा होती. पहिले चार खेळाडू जिल्ह्याच्या संघात जाणार आणि तो संघ राज्य स्पर्धेला जाणार. एवढ्या चार जागांसाठी प्राध्यापक, बँकवाले, इंजिनिअर, कॉलेजची पोरं, सगळे जीव टाकत असत. मी मुख्य पंच म्हणून नवीनच होते आणि नवीन पंच असतो तशी जरा ताठ होते.

नावनोंदणीच्या टेबलाशी एक गृहस्थ आले. चाळिशी उलटलेले, डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, पायात जाड वहाणा. म्हणाले, "खुलताबादवरनं आलोय. हितं शतरंज खेळत्यात म्हनं."

मी म्हटलं, "बुद्धिबळ."

"त्येच."

माझ्या शेजारी सहायक पंच सलीमभाई बसले होते. त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. स्पर्धेची घड्याळं तेच सांभाळतात आणि त्यांना माणसंही बरोबर कळतात. त्यांनी हळूच मला सांगितलं, "मॅडम, नाम लिख लेव. ये आदमी खेलने आया, देखने नहीं आया."

मामांच्या घरी मेंढरं. खुलताबादच्या डोंगरउतारावर मेंढरं चारता चारता ते दगडाच्या फरशीवर कोळशानं पट आखून खेळायचे. दर्ग्यापाशी फुलं विकणाऱ्या एका म्हाताऱ्यानं त्यांना खेळ शिकवला होता. पण तो आपला जुना देशी खेळ. आताच्या स्पर्धेतल्या खेळात आणि त्यात सोंगट्या त्याच असतात, चाली जवळजवळ सगळ्या त्याच, फक्त तीन गोष्टी वेगळ्या. पहिली, आताच्या खेळात प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरं जाता येतं, देशी खेळात एकच. दुसरी, आता राजा सुरक्षित ठेवायला हत्तीबरोबर किल्लेकोट करतात. देशी खेळात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते. तिसरी सांगेन पुढे.

पहिल्या फेरीत मामांनी राजाला टुणकन उडी मारली. समोर एक बँक अधिकारी होते. ते खुर्चीवरून उठलेच. "मॅडम, हे काय चाललंय?" मी चाल परत घ्यायला लावली, मामांना ताकीद दिली, समोरच्याला वाढीव वेळ दिला. सगळं नियमाप्रमाणे. मामा तरीही ती फेरी जिंकले. फेरी संपल्यावर मी त्यांना बाजूला बसवलं आणि किल्लेकोट करून दाखवला. त्यांनी दोनदा करून बघितला, मान हलवली आणि विचारलं, "एवढंच येगळं हाय का मॅडम? बाकी समदं त्येच?"

दुसऱ्या फेरीच्या याद्या माझ्या हातात होत्या. माईकवाला हाका मारत होता. मी म्हटलं, "हो हो, बाकी सगळं तेच."

एवढं एक वाक्य परत घ्यायला मिळालं असतं, तर मिक्सरवरची शाल मी परत केली असती.

मामांचा खेळ बघण्यासारखा होता. पांढरी मोहरी असली की पहिली चाल ठरलेली: राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं, एकच घर. त्यानं रिकाम्या झालेल्या जागेत उंट आणून बसवायचा. मग घोडा, मग किल्लेकोट. दुसऱ्या बाजूलाही तसंच, एक घर प्यादं, कोपऱ्यात उंट. मधल्या घरांना हातच लावायचा नाही. समोरचा मध्यात फौज आणून मांडव घालतो, आणि हे आपले दोन्ही कडांना दबा धरून बसलेले. पुस्तकी भाषेत याला बाजूची बंद सुरुवात म्हणतात आणि तिच्यावर जाड जाड पुस्तकं आहेत. एका कॉलेजच्या मुलानं हरल्यावर मोठ्या आदरानं विचारलं, "मामा, तुम्ही कुठल्या पुस्तकातून हे शिकलात?" मामा म्हणाले, "दोन घरं टाकायचं आमच्यात नसतंय बाबा. म्हनून एक."

जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं, "पण मध्यात का नाही येत तुम्ही?"

"मधी लोकाचं पीक असतंय मॅडम. मेंढरं कडंकडंनं न्यायची. मधी घातली का भांडन. समोरच्यानं सोताहून बांध फोडला, तर मंग आपन आत."

सिडकोतल्या त्या कार्यालयात भले भले आपला बांध आपणच फोडत होते आणि मामांची मेंढरं आत शिरत होती. शेवटच्या फेरीला ते अशा ठिकाणी आले की जिंकले तर संघात चौथे, बरोबरी झाली तर अर्ध्या गुणानं बाहेर. स्पर्धेत सगळ्यांना हे माहीत झालं होतं. सामने संपलेले खेळाडू त्यांच्या टेबलाभोवती गोळा झाले होते.

डाव लांबला. एकेक सोंगटी मारली गेली. शेवटी समोरच्याचा एकटा राजा उरला आणि मामांचा राजा आणि एक प्यादं. ते प्यादं म्हणजे तेच, पहिल्या चालीला एक घर सरकलेलं. आता ते एकेक घर पुढे जात होतं आणि समोरचा राजा त्याला गाठू शकत नव्हता. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्याचं कोणतंही मोठं मोहरं करता येतं. माणूस वजीरच करतो, दहा चालींत मात. डाव जिंकल्यात जमा होता. कुणीतरी मामांच्या पाठीवर थाप मारायला हातही वर केला होता.

प्यादं शेवटच्या घरात पोचलं. मामांनी ते उचललं आणि त्या जागी घोडा ठेवला.

देशी खेळातला तिसरा फरक हा. तिथं प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचतं तेच मोहरं होतं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. आणि मामांचं प्यादं घोड्याच्या घरात पोचलं होतं. आताच्या नियमानंही घोडा करायला बंदी नाही, कुणी करत नाही एवढंच. आणि राजा आणि एकटा घोडा मिळून कुणालाही मात करू शकत नाहीत. डाव तिथल्या तिथं बरोबरीत संपला. पांढरा वजीर मामांच्या कोपराशी आडवा पडला होता. मी तीन फुटांवर उभी होते, हात पाठीमागे बांधून.

मामांना कळलं होतं की बरोबरी झाली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि हसत हसत म्हणाले, "नशीब! शेजारच्या घरातनं नेता आलं असतं तर हत्ती झाला असता."

तेव्हा कुणीतरी खो खो हसलं आणि म्हणालं, "मामा, अहो वजीर घ्यायचा होता! कुठल्याही घरात वजीर मिळतो!"

मामा हसायचे थांबले. त्यांनी त्या माणसाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. "खरं हाय का मॅडम?"

"हो."

"तुमाला ठावं व्हतं?"

"हो."

"मंग कामून बोलल्या नाय?"

मी नियम सांगितला. डाव चालू असताना पंचाला बोलता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डाव चालू असताना नाय. पर मी आदी इचारलं व्हतं. बाकी समदं त्येच हाय का, म्हनून."

त्यांनी घोंगडं खांद्यावर टाकलं, "राम राम" म्हणाले आणि गेले. रागावले असते, चार शब्द सुनावले असते तर मी तेवढ्यावर भांडून मोकळी झाले असते. त्यानंतर ते कधीही स्पर्धेला आले नाहीत. पाहुणे आले की त्यांना घेऊन मी खुलताबादला कितीदा गेले असेन. दर वेळी वाटायचं, मल्हारीमामांचा वाडीवस्तीवर तपास करावा. दर वेळी पाहुण्यांना घाई आहे असं मी माझं मलाच सांगितलं. पाहुण्यांना कसलीही घाई नसायची.

त्या दिवसानंतर माझ्या कामात दोन बदल झाले. एक म्हणजे, प्रत्येक स्पर्धेआधी मी सगळे नियम मराठीत, सावकाश, सोंगट्या हातात घेऊन सांगायला लागले. राजा उडी मारत नाही, इथपासून. "प्यादं शेवटच्या घरात गेलं की तुम्हाला हवं ते मोहरं घ्या. घर कुणाचंही असो." मुरलेले खेळाडू जांभया देतात. पोरांनी त्याला 'मॅडमचं कीर्तन' असं नाव ठेवलं आहे. मला माहीत आहे हे त्यांना माहीत नाही.

दुसरा बदल माझ्या पर्समध्ये झाला. मामा शेवटची फेरी ज्यानं खेळले, तो लाकडी संच आमच्या शाळेचा होता. पुढे त्यातली दोन प्यादी हरवली आणि संच बाद झाला, तेव्हा त्यातला पांढरा वजीर मी काढून घेतला. मामांच्या कोपराशी पडलेला तोच. तो पर्सच्या आतल्या कप्प्यात राहतो. पंचाजवळ जादा वजीर असावाच लागतो, कारण कधी कधी खेळाडूला वजीर करायचा असतो आणि मारलेला वजीर सापडत नाही. माझ्याजवळ प्लास्टिकचे दोन-तीन असतात. हा लाकडी त्यात मोजायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

वजीर सापडत नाही तेव्हा आपल्याकडे घरोघर काय करतात, ते तुम्हाला माहीत असेल. हत्ती उलटा ठेवतात आणि म्हणतात, हा वजीर. वैजापूरचे कांद्याचे एक मोठे व्यापारी स्पर्धांना यायचे, खेळायचे बरे, पण माझं कीर्तन चालू असताना फोनवर मोंढ्यातला भाव विचारत बसायचे. एकदा त्यांनी शेवटच्या घरात उलटा हत्ती ठेवला, घड्याळ दाबलं आणि पुढच्या चालीला त्याला तिरका पळवला. समोरच्यानं हात वर केला. मी गेले आणि सांगितलं, "शेठ, स्पर्धेत उलटा हत्ती हत्तीच असतो. तो तिरका जात नाही."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. "मॅडम, सगळं वैजापूर याला वजीर म्हणतंय."

"वैजापूरला म्हणू द्या. इथं घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंचाकडं वजीर मागायचा."

"मागायचा? आपलाच वजीर?" शेठना ते फारच अपमानाचं वाटलं. त्या डावात ते हरले आणि मंगल कार्यालयाच्या पायरीवर उभं राहून त्यांनी माझ्या घराण्याचा उद्धार केला. मी आतून ऐकला. कांद्याला भाव नसेल त्या दिवशी, असं म्हणून सोडून दिलं. कीर्तनात मात्र एक अभंग वाढवला: वजीर नसेल तर हत्ती उलटा करू नका, मागा.

आता गेल्या हिवाळ्यातली स्पर्धा. पुन्हा जिल्हा निवड, पुन्हा चार जागा. माझे गुडघे बोलायला लागले होते. कोवळी पोरं फोनवर नियमावली उघडून माझ्याशी वाद घालायला लागली होती. मी संघटनेला द्यायचं निवृत्तीचं पत्र लिहून पर्समध्ये ठेवलं होतं. स्पर्धा संपली की द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

पहिल्या फेरीत टेबलांमधून फिरता फिरता एका पटापाशी माझे पाय थांबले. पांढऱ्यानं पहिली चाल केली होती. राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं, एक घर. चाल मी आधी ओळखली, नाव नंतर वाचलं. मंगल, आणि मधलं नाव मल्हारी.

तिशी-पस्तिशीची बाई. शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचं काम करते. शिफ्ट बदलून घेऊन, नीट झोपही न घेता आली होती. कीर्तनाच्या वेळी पहिल्या रांगेत बसून मान हलवत होती, ती हीच. फेरी जिंकून उठली तेव्हा मी न राहवून विचारलं, "कुणाकडून शिकलीस?"

"आबांकडनं. बाहेर बसलेत ना आबा. लिंबाखाली."

मोठ्या धीराची बाई म्हणून माझी ख्याती आहे. तर त्या धीराच्या बाईनं दोन दिवस जेवायला मागच्या दारानं ये-जा केली. सलीमभाईंच्या ते लक्षात आलं. "मॅडम, बुढ्ढा काटता नहीं," ते म्हणाले. मी त्यांना घड्याळं तपासायला पाठवलं.

मंगल बापासारखीच खेळत होती, कडेकडेनं. फरक एवढाच की ती बापापेक्षा चिवट होती. आणि शेवटच्या फेरीला गणित पुन्हा तिथंच येऊन बसलं. जिंकली तर संघात चौथी, बरोबरी झाली तर अर्ध्या गुणानं बाहेर. मी तक्ता दोनदा तपासला. शेजारी सलीमभाई उभे होते. त्यांनीही तपासला.

समोर इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी होता. मुलगा चांगला, अभ्यासू. त्याला एक सवय होती. मारलेली सोंगटी मुठीत धरून बसायचं. वजिरांची मारामारी झाली तेव्हा मंगलचा पांढरा वजीर त्याच्या मुठीत गेला आणि तिथंच राहिला. मूठ टेबलाखाली. त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, कुणी नखं खातं, हा वजीर चोळत होता.

डाव आटत गेला. त्याच्याकडे राजा आणि एक उंट, मंगलकडे राजा आणि एक प्यादं. कुठलं ते सांगायला नकोच. उंट काळ्या घरांवरून फिरणारा आणि शेवटचं घर पांढरं, त्यामुळं त्याला आता ते प्यादं अडवता येत नव्हतं. मंगलच्या घड्याळात चाळीस सेकंद होते. तिनं प्यादं शेवटच्या घरात सरकवलं आणि वजीर घ्यायला हात लांब केला.

वजीर नव्हता. टेबलाच्या कडेला पडलेल्या पांढऱ्या सोंगट्यांमध्ये प्यादी होती, घोडे होते, हत्ती होते. तिनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं. पस्तीस सेकंद. सवयीनं तिचा हात हत्तीकडे गेला.

मी पुन्हा तीन फुटांवर उभी होते. माझे प्लास्टिकचे वजीर त्या फेरीत दुसऱ्या टेबलांवर गेले होते. हात पर्समध्ये होता आणि बोटांना तो लाकडी वजीर लागत होता. पण नुसता तो तिच्या पटाशी नेऊन ठेवला असता, तरी ती मदत झाली असती. तिनं हत्ती उचलला. उलटा केला. तो तसाच त्या घरात टेकला असता तर तो हत्तीच ठरला असता, आणि एकटा हत्ती एका उंटाला सहसा हरवू शकत नाही. बरोबरी. अर्धा गुण. मला माझ्याच कानात माझंच वाक्य ऐकू आलं, बाकी सगळं तेच. आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते, बाळंतपणातसुद्धा नाही.

पटाच्या वर, वीतभर अंतरावर, तिचा हात थांबला. अठ्ठावीस सेकंद. तिनं तो हत्ती सरळ केला आणि जिथून उचलला होता तिथं परत ठेवला. घड्याळाचं मधलं बटण दाबलं. घड्याळ थांबलं. मग तिनं हात वर केला, शाळेत करतात तसा, पूर्ण ताठ. मी इतकी जवळ होते की नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. पण ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, वजीर द्या."

मी दिला. प्लास्टिकच्या सोंगट्यांमध्ये तो लाकडी वजीर वेगळाच दिसत होता, पण कुणी हरकत घेतली नाही. घड्याळ सुरू केलं. उरलेलं काम मंगलनं न घाबरता केलं. थोड्याच चालींत मुलानं हस्तांदोलनासाठी हात पुढे केला, आणि त्या हातातून घामानं ओला झालेला तिचा मूळ वजीर टेबलावर पडला. तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. "सॉरी ताई," तो म्हणाला, "माझ्याच हातात होता." मंगलला हसू आवरेना.

मी विचारलं, "हत्ती खाली का ठेवलास?"

"घरी आमी उलटाच ठिवतो मॅडम. हात गेलाच व्हता. मंग तुमी पहिल्या दिवशी सांगितलेलं आठवलं. मागा म्हनून."

मी तो लाकडी वजीर उचलला आणि या वेळी पुढच्या दारानं बाहेर गेले.

लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मल्हारीमामा बसले होते. फेटा तोच, चेहरा वाळलेला, हातात काठी. मेंढरं कधीच विकली होती. त्यांनी मला लगेच ओळखलं. मंगल माझ्या मागून पळत आली होती. तिनं सांगितलं, संघात आले आबा. त्यांनी मान हलवली, पण डोळे माझ्या हातातल्या वजिराकडे.

"ह्यो तवाचा," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं.

"तेव्हाचाच. मामा, त्या दिवशी माझं चुकलं. तुम्ही विचारलं होतं. मी घाईत उत्तर दिलं."

एवढंच बोलायला मला वीस वर्षं लागली. त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. मग विचारलं, "आज तरी बोलल्या का?"

"नाही. आजही नाही बोलले. हिनं मागितला."

"मागितला?" ते मंगलकडे वळले. "मोठ्यानं?"

"व्हय आबा. समदे बगत व्हते."

मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिच्या संघात जाण्यानंसुद्धा आलं नव्हतं. "मागितला," ते पुन्हा स्वतःशीच म्हणाले. मग हात पुढे केला. मी वजीर त्यांच्या तळहातावर ठेवला. आता हा इथंच राहणार, तो त्यांचाच आहे, असं मी मनाशी म्हटलंही. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, घोंगड्याच्या टोकानं पुसला आणि माझ्या हातात परत दिला.

"ठिवा तुमच्यापाशी. अजून कुनीतरी मागंल."

मी तो पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला. तिथं ते पत्र होतं, घडी घातलेलं. ते अजून तिथंच आहे.